ग्रीक वाङ्मयांतील उसनवारी

प्राचीन ग्रीक लेखकापाशीं अवतरणचिन्ह नव्हतें, तळटीप नव्हती आणि पृष्ठांकही नव्हता. त्याचा ग्रंथ म्हणजे पपायरसची एक लांब गुंडाळी. ती एका हातानें उलगडीत व दुसऱ्या हातानें गुंडाळीत वाचावयाची. मधलें एखादें वाक्य शोधावयाचें तर पुष्कळ वेळां सारी गुंडाळी पालथी घालावी लागे. म्हणून दुसऱ्याचें वचन घेतांना लेखक तें बहुधा पाठांतरांतून घेई, आणि तें कोणाचें हें सांगत बसण्याच्या भरीस क्वचितच पडे. ऐकणारा ओळखील, हा त्याचा भरंवसा असे. हा भरंवसा पोकळही नव्हता. अथेन्समधील मुलगा अक्षरें गिरवावयास शिकला कीं पंतोजी त्याच्यापुढें होमर ठेवी. झेनोफोनच्या ‘सिंपोझियम’ ग्रंथांत निकेरातस नांवाचा एक गृहस्थ सांगतो कीं, आपण चांगला माणूस व्हावें म्हणून बापानें आपणांकडून होमरचें सारें काव्य पाठ करून घेतलें. इलियड आणि ओडिसी मिळून सुमारें २७,८०० ओळी होतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या पाठांतराची कल्पना येते.

अशा श्रोत्यांच्या विश्वासावर ग्रीक लेखकांनीं शतकानुशतकें एकमेकांचें घेतलें, बदललें, खोडलें, त्याची थट्टा केली. आणि प्रसंगीं त्या उसन्या शब्दांवर राज्याचा व प्राणांचाही भार घातला. एस्किलस आपल्या नाटकांना होमरच्या मोठ्या मेजवानींतले काप म्हणत असे, अशी आठवण अथीनीअसनें नोंदून ठेविली आहे. अथीनीअस हा एस्किलसनंतर सहाशें वर्षांहून अधिक काळानें झाला, तेव्हां तींतील शब्द न् शब्द खरा धरण्याचें कारण नाहीं. पण उपमा मोठी समर्पक आहे. पंक्तीस बसलेल्यानें ताटांतलें उचललें तर त्याला चोर कोण म्हणेल? आपल्याकडे राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त ‘हरण’ हा शब्द योजून ज्या प्रकाराची चिकित्सा केली, तो ग्रीसमध्यें पाहावयाचा असेल तर प्रथम रंगभूमीकडे वळावें.

ट्रॉयहून परतलेल्या आगामेम्नॉन राजाचा त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा हिनें जाराच्या साह्यानें घात केला. मुलगा ओरेस्टीस परदेशीं वाढला. मुलगी इलेक्ट्रा मागें राहिली. पुष्कळ वर्षांनीं भाऊ सूड घेण्याकरितां गुप्तपणें येतो. लहानपणीं दुरावलेल्या या भावाला बहिणीनें ओळखावें कसें? इ. स. पूर्वी ४५८ सालीं एस्किलसनें ‘ओरेस्टाया’ ही नाट्यत्रयी रंगभूमीवर आणून पहिलें बक्षीस मिळविलें. तींतील दुसऱ्या नाटकांत इलेक्ट्रेला बापाच्या थडग्यावर केसांची एक बट सांपडते. ती तिच्या स्वतःच्या केसांसारखी असते. पुढें जमिनीवर पाउलें दिसतात. तींही तिच्या पाउलांशीं जुळतात. शेवटीं ओरेस्टीस समोर येऊन तिनेंच पूर्वीं विणलेलें, श्वापदांचीं चित्रें असलेलें वस्त्र दाखवितो, आणि तिचा संशय फिटतो.

सुमारें चाळीस वर्षांनंतर यूरिपिडीसनें हीच कथा घेतली. त्याची इलेक्ट्रा राजवाड्यांत नसून एका गरीब शेतकऱ्याच्या झोंपडींत, नांवाची पत्नी म्हणून दिवस काढीत आहे. आगामेम्नॉनच्या घरचा एक म्हातारा सेवक थडग्यावरून येतो आणि सांगतो कीं तेथें कोणी केसांची बट वाहिली आहे, ती आपल्या केसांशीं लावून पहा. इलेक्ट्रा त्याला वेड्यांत काढते. आखाड्यांत वाढलेल्या पुरुषाचे केस आणि फणीनें विंचरलेले बाईचे केस सारखे कसे असतील? म्हातारा म्हणतो, पाउलाचा ठसा तरी जुळवून पहा. ती म्हणते, खडकाळ जमिनीवर ठसा उमटेल कसा, आणि उमटला तरी भावाचें पाऊल बहिणीपेक्षां मोठें नसेल काय? म्हातारा वस्त्राची गोष्ट काढतो. त्यावर ती उत्तर देते कीं, तो गेला तेव्हां आपण लहान होतों. आणि विणलें असतें तरी तेंच वस्त्र आज त्याच्या अंगाला कसें बसेल? वस्त्रें कांहीं अंगाबरोबर वाढत नाहींत!

बट, पाऊल, वस्त्र: तिन्ही खुणा एस्किलसच्या, आणि क्रमही त्याचाच. यूरिपिडीसनें त्याचें नांवही घेतलें नाहीं. घेण्याची गरज नव्हती. एदुआर्द फ्रेंकेल या मोठ्या पंडितानें १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘आगामेम्नॉन’वरील भाष्यांत हा भाग यूरिपिडीसचा नव्हे, मागाहून कोणी घुसडला असावा, असा पक्ष उचलून धरला. शोकनाटकांत अशी टिंगल शोभत नाहीं, हा त्या आक्षेपाचा गाभा. परंतु टिंगल काढून टाकली तर पुढें जें येतें त्याचा अर्धा अर्थ नाहींसा होतो, म्हणून हा आक्षेप टिकणारा दिसत नाहीं. कारण तिन्ही खुणा मोडीत काढल्यावर तोच म्हातारा ओरेस्टीसच्या भुंवईजवळचा एक व्रण दाखवितो. लहानपणीं बापाच्या घरीं बहिणीबरोबर हरिणीच्या पाडसामागें धांवतांना तो पडला होता, त्याची ती खूण.

हा व्रण ऐकतांच प्रेक्षकांना दुसरा व्रण आठवला असला पाहिजे. ओडिसीच्या एकोणिसाव्या सर्गांत ओडिसियस वीस वर्षांनीं भिकाऱ्याच्या वेषांत घरीं येतो, आणि म्हातारी दाई त्याचे पाय धुतांना मांडीवरच्या व्रणावरून त्याला ओळखते. पार्नासस पर्वतावर शिकारींत रानडुकरानें सुळा मारला होता, त्याचा तो व्रण. तेथें पर्वतावरचें रानडुक्कर, येथें घरांतलें पाडस. तेथें वीराची पहिली शिकार, येथें पोराचें धडपडणें. यूरिपिडीसनें एस्किलसला बाजूस सारून होमरची खूण घेतली खरी, पण घेतां घेतां ती इतकी लहान केली कीं या ओरेस्टीसच्या हातून होणारें कृत्य वीराचें असेल काय, ही शंका आधींच मनांत यावी. आणि तें कृत्य म्हणजे आईचा वध.

गंमत अशी कीं, एस्किलसच्या खुणाही निखळ त्याच्या नव्हत्या. ओडिसीच्या चौथ्या सर्गांत मेनेलाउसच्या घरीं एक अनोळखी तरुण येतो. त्याचे पाय, हात, दृष्टीची फेंक, मस्तक आणि केस पाहून मेनेलाउस म्हणतो कीं हा ओडिसियससारखाच दिसतो. आणि तो त्याचा मुलगाच असतो. पाय आणि केस तेथें आहेतच. शिवाय इजिप्तच्या वाळूंत सांपडलेल्या एका पपायरसवर जुन्या टीकाकाराची टीप मिळाली आहे, तींत बटेवरून ओळख पटण्याचा प्रसंग एस्किलसच्या आधीं सिसिलींतील कवि स्टेसिकोरस याच्या काव्यांत होता असें म्हटलें आहे. म्हणजे यूरिपिडीसनें ज्या बटेची थट्टा केली, ती एस्किलसनें दुसऱ्याच्याच डोक्यावरून आणली होती! सोफोक्लीसनेंही आपल्या ‘इलेक्ट्रा’ नाटकांत ती सोडली नाहीं. तेथें बट सांपडते बहीण क्रिसोथेमिसला. तिचा तर्कही अगदीं बरोबर असतो. पण ओरेस्टीस मेला अशी खोटी बातमी इलेक्ट्रेनें नुकतीच ऐकलेली असल्यामुळें ती तें मानीत नाहीं. खरा पुरावा हातांत असून तो फुकट जातो, हें पाहून प्रेक्षक हळहळतो. आणि एस्किलस ज्याला ठाऊक आहे तो दुप्पट हळहळतो.

ती बट प्रेक्षकांच्या किती परिचयाची होती याची साक्ष विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनीस देतो. ‘मेघ’ हें त्याचें नाटक ४२३ सालीं तिसरें, म्हणजे शेवटचें ठरलें. तें त्यानें पुन्हा लिहावयास घेतलें. या नव्या पाठांत तो म्हणतो कीं, आपलें नाटक इलेक्ट्रेसारखें पूर्वींच्या सुज्ञ प्रेक्षकांना शोधीत आलें आहे. भावाची बट दिसली तर तें ती ओळखील. रुसवा काढावयालाही उसनी बट!

पण अॅरिस्टोफेनीसनें उसनवारीचा उपयोग केवळ हंशासाठीं केला असें नाहीं. ४२५ सालीं स्पार्टाशीं चाललेल्या युद्धाचें सहावें वर्ष होतें. शेतें जळालीं होतीं, खेड्यांतील माणसें शहराच्या तटाआड कोंडलीं होतीं, मध्यंतरीं सांथही येऊन गेली होती. आदल्याच वर्षीं अॅरिस्टोफेनीसच्या एका नाटकामुळें चिडून क्लिऑन या प्रबळ पुढाऱ्यानें त्याला कौन्सिलपुढें खेंचलें होतें. अशा वेळीं अथेन्सच्या लोकांसमोर उभें राहून, सारा दोष स्पार्टाचाच नाहीं, हें म्हणावयाचें होतें. उघड म्हणावें तर शत्रूचा पक्षपाती ठरण्याचें भय.

तेव्हां त्यानें यूरिपिडीसकडून उसनें घेतलें, तेंही अक्षरशः. ‘अखार्नियन्स’ नाटकाचा नायक डिकीओपोलिस हा साधा शेतकरी. त्यानें आपल्यापुरता स्पार्टाशीं तह केलेला असतो. अखार्नी गांवचे कोळसेवाले त्याला दगडांनीं ठेंचावयास धांवतात. तो एकदम कोळशाची टोपली उचलून तिच्यावर सुरी धरतो. टोपली पाहून कोळसेवाल्यांच्या तोंडचें पाणी पळतें, जणूं कोणी त्यांचें मूलच धरलें आहे. मग तो यूरिपिडीसच्या घरीं जाऊन टेलेफस राजाच्या चिंध्या मागून घेतो. काठी, फुटका पेला, जुनी टोपली असें एकेक मागून त्या कवीला बेजार करतो. आणि त्या चिंध्या अंगावर घेऊन आपलें भाषण करतो.

यूरिपिडीसचें ‘टेलेफस’ नाटक ४३८ सालीं, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीं झालेलें. त्यांत मिसियाचा राजा टेलेफस भिकाऱ्याच्या वेषांत ग्रीकांच्या गोटांत शिरतो, शत्रूची बाजूही समजून घ्या असें त्यांनाच सांगतो, आणि अंगाशीं येतें तेव्हां बालक ओरेस्टीसला ओलीस धरतो. ज्याला हें नाटक आठवत होतें त्याला टोपली पाहून हंसूं आलें. पण त्याबरोबरच डिकीओपोलिसचें भाषण टेलेफसच्या भाषणाच्या जागीं उभें आहे हेंही कळलें. त्या चिंध्यांच्या आडून कवि जें बोलला तें त्याला स्वतःच्या तोंडानें बोलतां आलें नसतें. अथेन्सनें त्या नाटकाला पहिलें बक्षीस दिलें. लढाई मात्र थांबली नाहीं.

याच टेलेफसची थट्टा ४११ सालीं अॅरिस्टोफेनीसनें पुन्हा केली. त्या वेळीं बालकाच्या जागीं दारूची पखाल होती, आणि तिला बाळाचे जोडे चढविले होते. हा देखावा रंगविलेलें इ. स. पूर्वी ३७० च्या सुमाराचें एक भांडें जर्मनींत व्युर्त्सबुर्ग येथील संग्रहालयांत आहे. यूरिपिडीसचें मूळ नाटक लुप्त झालें आहे. त्याचे तुकडे तेवढे उरले. त्याची जी रूपरेषा आज सांगतां येते ती बरीचशी या थट्टेखोराच्या कृपेनें.

इतिहासकारांची रीत निराळी. हेरोडोटसनें आपल्या आधींच्या हेकाटीअसचें नांव घेतलें तें प्रायः त्याला हंसण्याच्या वेळीं. पण तिसऱ्या ख्रिस्ती शतकांतील पोर्फिरीनें आरोप केला कीं, फीनिक्स पक्षी, पाणघोडा व मगरीची शिकार हीं हेरोडोटसचीं वर्णनें हेकाटीअसच्या ग्रंथांतून थोडा फरक करून उचललेलीं आहेत. हेरोडोटसच्या पाणघोड्याला घोड्याची आयाळ, घोड्याचें शेपूट आणि दुभंगलेले खूर आहेत. हा प्राणी डोळ्यांनीं पाहणारा असें लिहिणार नाहीं. थुकिडिडीसनें याच्या उलट केलें. लोकांच्या दोन चुकीच्या समजुती म्हणून त्यानें स्पार्टाच्या राजांचीं दोन मतें व तेथील पिटानाची पलटण यांचा निर्देश केला. दोन्ही गोष्टी हेरोडोटसच्या ग्रंथांत सांपडतात; पण थुकिडिडीसनें हेरोडोटसचें नांव आपल्या ग्रंथांत एकदांही येऊं दिलें नाहीं. एकानें घेऊन नांव लपविलें, दुसऱ्यानें खोडून नांव लपविलें.

‘क्लोपे’ म्हणजे चोरी हा शब्द टीकाकारांच्या तोंडीं रुळला तो ग्रंथालयें झाल्यावर. विट्रूव्हिअस या रोमन लेखकानें सांगितलेली कथा अशी: अॅलेक्झांड्रियाच्या टॉलेमी राजानें काव्यस्पर्धा भरविली. सहा परीक्षकांनीं लोकांना आवडलेल्या कवीला पहिला नंबर दिला. सातवा परीक्षक, बायझँटिअमचा अॅरिस्टोफेनीस (हा नाटककाराहून निराळा), यानें सर्वांत कमी टाळ्या मिळालेल्याची निवड केली. कारण विचारतां तो म्हणाला, कवि हा एकटाच आहे. बाकीच्यांनीं दुसऱ्यांच्या रचना म्हणून दाखविल्या. मग अमक्या कपाटांतील अमकी गुंडाळी असें आठवून आठवून त्यानें ग्रंथ काढविले आणि ताडून दाखविले. कवींना शिक्षा झाली, आणि परीक्षकाला ग्रंथालयाचें मुख्य पद मिळालें. कथेंतील कालगणनेचा मेळ बसत नाहीं, तेव्हां ती रचलेली असेल. पण नाट्यगृहांतल्या ओळखीचें कौतुक जाऊन कपाटांतल्या ताळ्याचा धाक कसा आला, हें तीवरून कळतें. तरीही ‘उदात्ततेविषयीं’ या ग्रंथाच्या कर्त्यानें, ज्याला लाँजायनस म्हणण्याचा प्रघात आहे, प्लेटोनें होमरच्या झऱ्यांतून असंख्य पाट काढून नेले असें म्हणून, ही चोरी नव्हे, असा स्पष्ट निवाडा दिला.

चोरीहून भयंकर गोष्ट म्हणजे पूर्वसूरींच्या ग्रंथांत आपलें घालणें. सलामिस बेटावरून अथेन्स आणि मेगारा यांचें भांडण होतें, आणि तें पांच स्पार्टन पंचांपुढें गेलें. सलामिसचा वीर एजॅक्स यानें आपलीं बारा जहाजें अथीनियन तुकडीपाशीं लावलीं, असें इलियडच्या दुसऱ्या सर्गांत आहे. अथेन्सनें तोच पुरावा म्हणून पुढें केला. ही ओळ सोलोननें, किंवा कोणी म्हणत पिसिस्ट्राटसनें, मध्यें घातली, असा बोभाटा प्राचीन काळींच झाला होता. स्ट्रेबोनें दाखविलें आहे कीं, इलियडच्या इतर सर्गांशीं ती जुळत नाहीं. तेथें एजॅक्सचीं जहाजें तळाच्या अगदीं टोंकाला आहेत. बेट मात्र अथेन्सकडे गेलें. अॅरिस्टॉटलनें आपल्या वक्तृत्वशास्त्रांत साक्षीदारांची चर्चा करतांना, अथेन्सनें सलामिसविषयीं होमरची साक्ष काढली, हें उदाहरण दिलें आहे. ओळ खरी कीं खोटी याबद्दल तेथें तो बोलत नाहीं.

न्यायालयांत कवीची साक्ष काढण्याची ही संवय पुढेंही राहिली. ३३८ सालीं कायरोनियाच्या पराभवानंतर अथेन्स सोडून ऱ्होड्सला गेलेल्या लिओक्राटीसवर लिकर्गसनें ३३० सालीं देशद्रोहाचा खटला चालविला. त्यांत त्यानें यूरिपिडीसच्या ‘एरेक्थिअस’ नाटकांतील पंचावन्न ओळी म्हणून दाखविल्या: एक राणी शहर वांचविण्यासाठीं स्वतःची मुलगी बळी द्यावयास तयार होते, तें भाषण. आरोपीच्या प्राणांवर बेतलें होतें. मतें समसमान पडलीं आणि तो सुटला. नाटक नष्ट झालें. तें भाषण या खटल्यामुळें उरलें.

दुसऱ्या एका खटल्यांतील आरोपी सुटला नाहीं. ३९९ सालीं सॉक्रेटीसला देहान्त शिक्षा झाली. प्लेटोनें लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणांत तो अकिलीसचें उदाहरण देतो: हेक्टरला मारलेंस तर तुझेंही मरण जवळ येईल, असें आईनें बजावलें असतां अकिलीसनें मरणाची पर्वा केली नाहीं. हा निर्देश उघड आहे. ‘क्रीटो’ या संवादांतला तितका उघड नाहीं. डेलॉसला गेलेलें पवित्र जहाज परत येईपर्यंत शिक्षा थांबली होती. पहांटे क्रीटो तुरुंगांत येऊन सांगतो कीं, जहाज आज येईल, तेव्हां उद्यां तुम्हांला मरावें लागेल. सॉक्रेटीस म्हणतो, आज नाहीं येणार. शुभ्र वस्त्रांतील एक सुंदर स्त्री स्वप्नांत आली होती, आणि तिसऱ्या दिवशीं तूं सुपीक फ्थियाला पोंचशील असें म्हणाली.

हे शब्द इलियडच्या नवव्या सर्गांतील अकिलीसचे. राजाशीं बिनसल्यावर मन वळवावयास आलेल्यांना तो बजावतो कीं, उद्यां जहाजें हांकारून आपण तिसऱ्या दिवशीं घरीं पोंचूं. फ्थिया ही त्याची मायभूमि. पण तो गेला नाहीं. ट्रॉयलाच राहिला आणि तेथेंच मेला. सॉक्रेटीसनें घरीं परतण्याचे ते शब्द मरणाला लावले. कोणाचे शब्द, कोणत्या प्रसंगाचे, हें तो सांगत नाहीं, आणि क्रीटोही विचारीत नाहीं. त्याला स्वप्न चमत्कारिक वाटतें एवढेंच. सॉक्रेटीस म्हणतो, अगदीं स्पष्ट आहे. मग क्रीटो ज्यासाठीं आला तें बोलूं लागतो: पैसे तयार आहेत, पहारेकरी फारसे मागत नाहींत, देश सोडावयाचा तर थेसलींत आपले स्नेही आहेत, ते नीट सांभाळतील. फ्थिया थेसलींतच आहे.